एका ‘ॲक्च्युअली’पायी पाच शब्द देशोधडीला

मराठीत घुसलेल्या इंग्रजी नामांची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून गंभीर अशा एका घुसखोरीकडे मात्र आपले लक्षच गेलेले नाही. दूरचित्रवाणीवरील चर्चा ऐका, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर कान द्या. वाक्यामागून वाक्य ‘ॲक्च्युअली’ने सुरू होते. ‘टेबल’, ‘स्टेशन’ हे शब्द वस्तूंबरोबर आले. ‘ॲक्च्युअली’बरोबर कोणती वस्तू आली?

हे क्रियाविशेषण इंग्रजीत निरर्थक नाही. ऐकणाऱ्याची समजूत एक आणि वस्तुस्थिती दुसरी, अशा ठिकाणी ते प्रामुख्याने योजतात. आपल्याकडे कोणी नाव विचारले तरी उत्तर येते, ‘ॲक्च्युअली, माझे नाव...’! येथे कोणता गैरसमज दूर करायचा असतो? म्हणजे मराठी सुटली आणि इंग्रजीही धड साधली नाही.

मराठी या बाबतीत दरिद्री आहे काय? दिसते एक आणि असते दुसरे, तेथे ‘वस्तुतः’. ठरले एक आणि घडले दुसरे, तेथे ‘प्रत्यक्षात’. प्रश्नाचा पायाच चुकला असेल, तर ‘मुळात’. मनातले उघड करायचे, तर ‘खरे म्हणजे’. अनपेक्षित घडले, तर ‘चक्क’. ‘प्रत्यक्षात कालवा झालाच नाही’ आणि ‘मुळात कालव्याची गरजच नव्हती’ हे दोन निराळे आरोप आहेत. एकाचा जाब कंत्राटदाराने द्यायचा, दुसऱ्याचा योजना आखणाऱ्याने. ही धार ‘ॲक्च्युअली’ने बोथट होते. शब्दांतील भेद पुसला, की विचारांतील भेदही पुसला जातो.

‘भाषा उसनवारीनेच वाढते, हा शब्द इंग्रजीनेही लॅटिनमधून फ्रेंचमार्गे घेतला,’ असे सांगणारे पंडित भेटतात. घेतला खरा, पण इंग्रजीने त्याला आपल्या अर्थाने राबविले. त्याचे फ्रेंच भावंड आज ‘सध्या’ या अर्थाने वावरते! इंग्रजीने पाहुण्यासाठी घरच्यांना बाहेर काढले नाही. आपण नेमके तेच करीत आहोत.

स्वातंत्र्यवीर सावरकरांना ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द घडवावे लागले. आपल्याला काहीच घडवायचे नाही. असलेले वापरायचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटले गेले. परंतु दर्जा शासन देते, भाषा घर देते. इंग्रजी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. मात्र घरातल्या मुलाच्या कानावर ‘वस्तुतः’ आणि ‘मुळात’ पडलेच नाहीत, तर तो अभिजात वारसा तो कोणत्या शब्दांत सांगणार?