प्रत्येकाचा कोठा निराळा, म्हणून परीक्षाच नको?

१/ अर्धापूर म्हटले की केळीच्या बागा आठवतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या राज्यात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. वैद्यांची परंपरा तर त्याहून जुनी. या दोन्ही परंपरांच्या नावाने एक युक्तिवाद आजही केला जातो. जुनाट मलावरोधाच्या निमित्ताने तो तपासायला हवा.

२/ युक्तिवाद असा: ‘आमचे औषध रोगाला नसते, रोग्याला असते. प्रत्येकाची प्रकृती निराळी. म्हणून चाचणीची फूटपट्टी आम्हांला लागू नाही.’ यातला पूर्वार्ध शास्त्राला धरून आहे. उत्तरार्ध ही निव्वळ पळवाट आहे.

३/ आधी पूर्वार्ध. आयुर्वेद कोठ्याचे तीन प्रकार मानतो: क्रूर, मध्य आणि मृदू. मृदू कोठ्याला दूधही पुरते. चरकसंहितेत विरेचक द्रव्यांची प्रतवारी आहे: सुखाने रेच घडवण्यात निशोत्तर श्रेष्ठ, सौम्यपणात बहावा, तीक्ष्णपणात निवडुंगाचा चीक. हकीमही आधी मिजाज पाहतो. माणूस पाहून औषध ठरवणे हा विचार खरा आणि जुना आहे.

४/ पण इतिहास इथेच थांबत नाही. हिरडा, बेहडा आणि आवळा यांची त्रिफळा हा ठरीव योग आहे. तोच अरबी-फारसी वैद्यकात जाऊन ‘इत्रिफल’ झाला आणि हकिमांच्या बरण्यांत बसला. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णे, गुटिका, अवलेह प्रमाणांसह दिले आहेत. म्हणजे ‘आमच्याकडे सारेच व्यक्तिसापेक्ष’ हा दावा परंपरेच्या ग्रंथांनाच मान्य नाही.

५/ मुळात या युक्तिवादात दोन दावे एकत्र बांधलेले आहेत. पहिला: हे औषध गुणकारी आहे. दुसरा: माणूस पाहून निवडलेले औषध सरसकट दिलेल्या औषधापेक्षा सरस आहे. दोन्ही स्वतंत्रपणे तपासता येतात. तसे झालेही आहे, आणि ते चिनी वैद्यकाने करून दाखवले.

६/ ऑस्ट्रेलियात आयबीएस या आतड्याच्या विकारावर झालेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण ११६. चिनी वैद्यांनी प्रत्येकाला तपासून स्वतंत्र औषधयोजना लिहिली. मात्र रुग्णाच्या हाती काय पडावे, हे चिठ्ठीने ठरले: त्याच्यासाठी लिहिलेले औषध, सर्वांना एकच ठरीव मिश्रण, किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल. कुणाला काय मिळाले, हे वैद्यालाही ठाऊक नव्हते आणि रुग्णालाही नव्हते.

७/ निकाल दोन्ही बाजूंना विचारात पाडणारा होता. १६ आठवड्यांच्या अखेरीस दोन्ही औषधगट प्लासिबोपेक्षा सरस ठरले. पण व्यक्तिगत औषध ठरीव मिश्रणापेक्षा वरचढ ठरले नाही. औषध थांबवून १४ आठवडे लोटल्यावर मात्र सुधारणा टिकली ती व्यक्तिगत औषध घेणाऱ्यांचीच. ‘तपासताच येत नाही’ म्हणणाऱ्यांना हे सूक्ष्म सत्य कधीच हाती लागले नसते.

८/ आता मलावरोध. ‘शांग हान लुन’ या सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात भांगेच्या बियांची एक गोळी सांगितली आहे. हाँगकाँगमधील संशोधकांनी तिची मात्रा आधी निश्चित केली. मग चिनी निदानानुसार विशिष्ट प्रकारात बसणारे १२० रुग्ण घेतले. २०११ चा निकाल: गोळीने ४३.३ टक्क्यांना गुण आला, प्लासिबोने ८.३ टक्क्यांना.

९/ पुढच्या चाचणीत २९१ रुग्ण होते आणि एका गटाला सेना दिले होते, म्हणजे आपली सोनामुखीच. आठ आठवड्यांअखेर गुण आला तो असा: गोळी ६८ टक्के, सोनामुखी ५७.७, प्लासिबो ३३. गोळी आणि सोनामुखी यांतील फरक योगायोगाचाही असू शकेल एवढाच होता. आणि औषधाविनाही तिघांतल्या एकाला बरे वाटले! ‘आमच्या चूर्णाने कित्येकांना गुण आला’ या वाक्याचे वजन या ३३ टक्क्यांवरून जोखावे.

१०/ भारतात हे अशक्य म्हणावे, तर १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाला तिची दखल घ्यावी लागली. ते एकच द्रव्य होते, हा आक्षेपही २०११ मध्ये संपला. कोइमतूरच्या वैद्यांनी संधिवाताच्या ४३ रुग्णांवर व्यक्तिगत आयुर्वेदिक औषधयोजना मेथोट्रेक्सेटसमोर दुहेरी-अंध पद्धतीने उभी केली. चाचणी लहान होती, म्हणून निष्कर्ष पक्का नाही. पण पद्धत शक्य आहे हे सिद्ध झाले.

११/ ‘काढे म्हणजे थोतांड’ म्हणणाऱ्यांनाही हे आकडे अडचणीचेच आहेत. न तपासता नाकारणे आणि न तपासता स्वीकारणे, ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. चिनी गोळीच्या यशावर आपल्या चूर्णाचा जयजयकार करणे हे तिसरे रूप.

१२/ अर्धापूरपासून नांदेड जवळ आहे आणि नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. वैद्याने प्रत्येकाचा कोठा पाहून औषध लिहावे. देताना चिठ्ठी काढावी: लिहिलेले औषध, सर्वांना एकच त्रिफळा, किंवा तसेच दिसणारे निर्गुण चूर्ण. रुग्णाने बिनकष्टाच्या शौचाची रोज नोंद ठेवावी. वैद्याच्या कौशल्याचा यात अपमान नाही. त्या कौशल्याचे मोल दाखवण्याचा हाच मार्ग आहे.

१३/ प्रश्न परंपरेच्या अब्रूपुरता नाही. वर्षानुवर्षे चूर्णाची पुडी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते उपयोगी आहे की नाही, हे कळण्याचा हक्क आहे. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर पुडी बदलत बसण्यात गेलेले महिने परत येत नाहीत. चरकाने द्रव्यांची प्रतवारी लावली, कारण त्याला सरस-निरस वेगळे करायचे होते. त्याचे नाव घेऊन तुलनाच नाकारणाऱ्यांनी त्याचा वारसा सांगू नये.