इंटर्नशिपचं वेळापत्रक कोण ठरवतं?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातल्या आपल्या मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो: "ग्रामीण पोस्टिंग म्हणजे सुट्टी. आरोग्य केंद्रात सही करा आणि नीट पीजीचा अभ्यास करा." हा सल्ला आम्हाला मान्य नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार वर्षभराच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये 12 आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्राला आहेत. न्यायवैद्यकशास्त्राला फक्त 1. बहुतेकांच्या हिशेबात हे 13 आठवडे फुकटचे असतात. आमच्या हिशेबात ते सर्वात महत्त्वाचे आहेत.

कारण आम्ही अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले आहोत. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये नितीन आगेचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. गावच्या दहशतीपुढे माणूस फिरतो, डॉक्टरने लिहिलेला कागद फिरत नाही. जखम किती लांब, कशाने झाली, किती तासांपूर्वीची, हे नीट नोंदवलं गेलं तरच अॅट्रॉसिटीची केस कोर्टात उभी राहते. ते लिहायला शिकण्याचा आठवडा एमसीक्यूत घालवायचा? अकोल्याच्या आदिवासी पाड्यावरची बाळंतीण, पाथर्डीचा ऊसतोड मजूर, यांना तपासणारा डॉक्टर याच 12 आठवड्यांत घडतो.

यावर आपलीच पोरं विचारतात, "घरात पहिलाच डॉक्टर मी. पीजी नाही झालं तर?" प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनाही बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. घेतली. मुदत आणि पैसा यांची कोंडी आपल्याला नवी नाही. म्हणून पीजी सोडा असं आम्ही म्हणत नाही. पीजी कराच. पण ज्याच्या बापाकडे कोचिंगचे पैसे आहेत त्याच्या वेळापत्रकाची नक्कल करू नका.

दुसरी गोष्ट, ड्युटीची यादी निष्पाप नसते. मुंबईत 22 मे 2019 रोजी डॉ. पायल तडवी गेली. जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांत तिला शिकण्याच्या कामापासून दूर ठेवल्याचाही आरोप होता. कुणाला प्रसूतिगृह आणि कुणाला नुसते कागद, हे ठरवण्यातही जात काम करते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पोस्टिंगची यादी महिनाभर आधी फलकावर लागावी. अदलाबदल लेखी व्हावी. विद्यावेतन दरमहा मिळावं. शिष्यवृत्ती अडली म्हणून कुणाची परीक्षा किंवा इंटर्नशिप अडू नये.

आणि तुम्ही? प्रत्येक कॉलेजात पाच जण एकत्र या. कुणाला कुठलं पोस्टिंग मिळालं, याची स्वतःची वही ठेवा. सहा महिन्यांनी ती वहीच बोलेल.

जय भीम!