गाणे शिकण्याचे शुल्क

संगीतशिक्षणावर पैसे खर्चणे सार्थ आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या खर्चातून काय मिळवायचे आहे यावर अवलंबून असते, आणि नेमका हाच विचार वर्गात नाव घालताना बहुधा राहून जातो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्या काळी घराण्याची विद्या प्रामुख्याने गंडाबंधनातून, म्हणजे मनगटाला धागा बांधून शिष्यत्व देण्याच्या विधीतून मिळत असे आणि ती किती द्यायची हे उस्तादाच्या मर्जीवर राही. नेमलेले शुल्क, अभ्यासक्रम आणि परीक्षा आल्याने या मर्जीचे वर्चस्व कमी झाले, आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलींनाही गाणे शिकण्याची वाट मोकळी झाली. हा लाभ लहान नव्हे.

शुल्काची मर्यादा मात्र भूप आणि देशकार या रागांत स्पष्ट दिसते. दोहोंचे स्वर सा, रे, ग, प, ध हेच पाच. भेद वादीचा, म्हणजे रागातील सर्वांत प्रमुख स्वराचा, कारण भूपात तो मान गंधाराला आणि देशकारात धैवताला असतो. ही माहिती विद्यार्थी तासाभरात पाठ करतो आणि परीक्षेत बिनचूक लिहितो. परंतु भूप आळवताना धैवतावर जरा अधिक रेंगाळले की देशकाराची छाया पडते, हे कानाला उमगण्यासाठी गुरूसमोर एकट्याने गाऊन चूक तिथल्या तिथे सुधारून घ्यावी लागते. वीस-पंचवीस मुलांकडून पेटीवर एकसुरात पलटे, म्हणजे स्वरक्रमांचे सराव, घोकून घेणाऱ्या वर्गात ही सोय नसते. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांना वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर अनेक घरांत प्रमाणपत्र हेच साध्य झाले असून रियाज परीक्षेपुरता उरला आहे.

विशारद ही संगीताची परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रत्येक जण मैफलीचा गायक होत नाही, म्हणून त्याचे शिक्षण वाया गेले असे मानणेही तितकेच उथळ ठरेल. दिवाळी पहाटेच्या मैफलीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक दाद देणारा श्रोता अनेकदा अशाच वर्गांतून घडलेला असतो, आणि त्याच्या जाणतेपणावरच गाणाऱ्याचा उत्साह टिकतो. तेव्हा पालकांनी वर्ग निवडताना वर्षाकाठी किती परीक्षा होतात हे विचारण्याऐवजी मुलाला आठवड्यातून किती वेळ एकट्याने गाऊ देतात, हे विचारावे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले, तर शुल्क थोडे अधिक असले तरी ते सत्कारणी लागेल.