सक्ती त्यांची, खाडा बाईचा

ऑगस्ट २०२१ मधली गोष्ट. नागपुरात वर्धा रोडला लागून असलेल्या एका सोसायटीच्या गेटवर कागद चिकटवलेला होता : लसीच्या दोन्ही मात्रांचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय कामवाल्या बायका, ड्रायव्हर आणि गाड्या धुणारी मुले यांना प्रवेश मिळणार नाही. खाली सही नव्हती, तारीख नव्हती. गेटबाहेर सात-आठ जणी बसल्या होत्या. रहिवाशांच्या गाड्या ये-जा करत होत्या, त्यांना कोणी काही विचारत नव्हते. त्यातली एक मला म्हणाली, "सुई टोचून घ्याले मी कवा नाही म्हटलं, ताई? एक घेतली. दुसरीची तारीखच आली नाही, त कागद कोठून आनू?"

हिशेब तिचाच बरोबर होता. १८ ते ४४ वयोगटाला लस १ मे २०२१ पासून खुली झाली, पण कोविनवर आधी नाव नोंदवून आणि वेळ मिळाली तरच. लशीचा तुटवडा एवढा की १२ मे रोजी महाराष्ट्र सरकारने या वयोगटाचे लसीकरण थांबवल्याचे जाहीर केले. सरकारी केंद्रांवर ते पुन्हा सुरू व्हायला जूनचा उत्तरार्ध उजाडला. मधल्या काळात, १३ मे रोजी, कोविशील्डच्या दोन मात्रांतले अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले होते. म्हणजे जुलैच्या मध्याला पहिली मात्रा मिळालेल्या बाईला दुसरी ऑक्टोबरच्या आत मिळणे शक्यच नव्हते, मग ती कितीही पहाटे उठून रांगेत उभी राहो. स्तनदा मातांना लस देण्यास १९ मे रोजी परवानगी मिळाली, गरोदर स्त्रियांना २ जुलैला. तोपर्यंत त्यांना केंद्रावरून परत पाठवणे हाच नियम होता. म्हणजे कागदोपत्री नियम पाळणारी बाईच गेटवर नियम मोडणारी ठरत होती!

शिवाय प्रमाणपत्र राहत होते कोठे? तर मोबाइलमध्ये. एका नंबरावर चौघांची नोंदणी होत असे. वस्तीत घरटी एखादा चांगला फोन, तो नवऱ्याकडे किंवा पोराकडे. ज्या मालकिणींनी मायेने आपल्या फोनवरून बाईचे नाव नोंदवले, त्यांच्याच फोनमध्ये तिचे प्रमाणपत्र अडकले. पुढे त्या घरचे काम सुटले की प्रमाणपत्र मिळवायला लागणारा आकडा जुन्या मालकिणीच्या फोनवर जायचा, आणि तो तिला मागायचा कसा, हा प्रश्न उरायचा. आमच्या कामाचा त्या वर्षातला बराच वेळ लस घ्यायला समजावण्यात गेला असे लोकांना वाटते. खरे तर तो हे कागद काढून देण्यात गेला.

जून २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात देशभराचा हिशेब केला गेला तेव्हा पुरुषांना दिलेल्या दर १००० मात्रांमागे स्त्रियांना ८५६ मात्रा मिळालेल्या होत्या. घरात आधी कमावत्या पुरुषाला लस, मग सासऱ्याला, बाईचे नंतर पाहू, हा क्रम आपल्याला नवा नाही. ही दरी नंतर पुष्कळशी भरून निघाली. पण अटी घातल्या गेल्या त्या दरी असतानाच.

त्या सोसायटीच्या डोक्यावरून विमाने जातात, सोनेगावचा विमानतळ जवळच आहे. आणि कामाच्या ठिकाणी लसीची सक्ती म्हटले की त्या दिवसांत जगभर चर्चा चालली होती ती विमान कंपन्यांची. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्येच आपल्या सुमारे ६७ हजार कर्मचाऱ्यांना लस बंधनकारक केली. सक्तीमुळे माणसेच उरणार नाहीत, विमाने जमिनीवर राहतील, असा ओरडा झाला. प्रत्यक्षात सप्टेंबरअखेर ५९३ जणांना कामावरून काढण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि त्यातल्याही अनेकांनी मग लस घेतल्याने आकडा आणखी खाली आला. धार्मिक वा वैद्यकीय कारणाने सूट मागणारे सुमारे दोन हजार होते. सूट मिळालेल्यांपैकी ज्यांचा प्रवाशांशी संबंध येई त्यांना बिनपगारी रजेवर पाठवले आणि मार्च २०२२ मध्ये परत बोलावले. २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडे खरोखरच माणसांची टंचाई झाली, पण तिचे मोठे कारण वेगळे होते. २०२० मध्ये कंपन्यांनी हजारो अनुभवी माणसांना पैसे देऊन लवकर निवृत्त केले होते, ती माणसे मागणी वाढल्यावर हाताशी नव्हती. आपल्याकडेही जुलै २०२२ मध्ये एका दिवशी इंडिगोची निम्म्याहून जास्त देशांतर्गत उड्डाणे उशिरा गेली ती लसीपायी नव्हे. महासाथीत पगार कापले गेले होते, दुसऱ्या कंपनीची भरती चालू होती, आणि माणसे एकदम आजारी रजेवर गेली.

इतक्या दूरची गोष्ट सांगायचे कारण असे की तिथली सक्ती निदान लेखी होती. तिला मुदत होती, सूट मागायची सोय होती, काढलेल्याला परत घ्यायचा रस्ता होता, आणि किती जण गेले हे मोजले गेले. आपल्या विमानक्षेत्रात तर उलटेच दृश्य होते : मे २०२१ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांच्या संघटनेने आम्हाला आधी लस द्या, नाहीतर काम थांबवू, असा इशारा दिला. म्हणजे मागणी कामगारांची आणि उशीर मालकाचा. त्याआधी मार्च २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिक व विमानातील कर्मचाऱ्यांना लस घेतल्यावर ४८ तास उड्डाणाचे काम द्यायचे नाही असा नियम केला होता. हेतू प्रवाशांच्या सुरक्षिततेचा होता, हे खरे. पण लस टोचल्यावर माणसाला ताप येऊ शकतो, अंग दुखू शकते, त्याला दोन दिवस द्यावे लागतात, हे सरकारी कागदावर आले ते एवढ्या एका ठिकाणी.

भांडी घासणाऱ्या बाईला हे ४८ तास कोणी दिले? लस घेण्यासाठी एक दिवस रांगेत, दुसरा दिवस तापात. दोन दिवसांचे खाडे. आठ घरी काम असेल तर आठही ठिकाणी खाडे. लस फुकट होती असे आपण म्हणतो तेव्हा हा खर्च मोजत नाही. आमच्या वस्त्यांमध्ये लस टाळण्याचे सर्वांत जास्त वेळा ऐकलेले कारण अंधश्रद्धा हे नव्हते, खाडा हे होते. पाळीबद्दलची भीतीही होती. पाळीच्या आधी व नंतर पाच दिवस लस घेऊ नये असा खोटा संदेश एप्रिल २०२१ मध्ये फिरला होता, आरोग्य मंत्रालयाने तो फेटाळला. पण पाळी मागेपुढे झाली असे सांगणाऱ्या बायकांनाही त्याच हिशेबात वेड्यात काढले गेले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळीचक्र सरासरी एक दिवसापेक्षा कमी लांबते आणि ते तात्पुरते असते, असे त्यात दिसले. म्हणजे घाबरण्यासारखे काही नव्हते, पण बायका खोटेही बोलत नव्हत्या. हे त्यांना आधी सांगितले असते तर केंद्रावर जास्त जणी आल्या असत्या, असे माझे मत आहे.

सरकारनेही सोसायट्यांना बळच दिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचा प्रवास दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच खुला झाला. नोव्हेंबरमध्ये ठाणे महापालिकेने पहिली मात्राही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे ठरवले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना रेशन व पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला. रेशनच्या रांगेत कोण उभे असते हे आदेश काढणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. २७ नोव्हेंबरच्या राज्याच्या आदेशाने दुकाने, आस्थापना व सार्वजनिक वाहतुकीला पूर्ण लसीकरणाची अट लागली, मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये आणि आस्थापनेला १० हजार रुपये दंड. दंडाच्या भीतीने आस्थापना सर्वांत सोपा मार्ग घेते : माणूस बदलते. गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, राज्यातले निर्बंध उठले. त्यानंतर महिन्याने, २ मे २०२२ रोजी, जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शरीरावरचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमात येतो, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, आणि लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध उपलब्ध माहितीच्या आधारे प्रमाणात बसत नाहीत. लसीकरणाचे धोरण मात्र न्यायालयाने अवाजवी मानले नाही. मेघालय उच्च न्यायालयाने दुकानदार, फेरीवाले, टॅक्सीचालक यांच्यावरच्या अशाच अटीबद्दल जून २०२१ मध्येच हरकत घेतली होती. न्याय मिळाला, पण गेटबाहेर बसलेल्या बाईचे काम तोवर दुसरीकडे गेले होते.

आमच्या गटातही त्या वेळी दोन तट पडले, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. एक मैत्रीण म्हणाली, माझी आई ८२ वर्षांची आहे, तिच्यापाशी येणाऱ्या बाईने लस घेतलेली असावी एवढे मागण्याचा मला हक्क नाही का? आहे. एप्रिल २०२१ मध्ये या शहराने मेडिकल आणि मेयोच्या दारात जे पाहिले त्यानंतर तिची भीती खोटी म्हणता येत नाही. दुसरी म्हणाली, आपण नेट-एन या इंजेक्शनविरुद्ध न्यायालयात गेलेल्या चळवळीच्या बायका, आता आपणच टोचून ये म्हणून सांगायचे? १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, हे विसरायचे? (त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.)

मला दोघींचेही पटते आणि तरी वाद चुकीच्या जागी चालला होता असे वाटते. २०२० मध्ये लागू केलेला साथरोग कायदा १८९७ चा, पुण्याच्या प्लेगच्या वर्षातला. त्या वर्षी प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. आपल्याला दोघीही हव्या आहेत. लस घ्या असे मी वस्तीत घरोघर सांगितले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. माझी हरकत लसीला नाही. अट घालणाऱ्याने स्वतःवर काहीच घेतले नाही, याला आहे.

यात मीही आले. माझ्याकडे काम करणाऱ्या बाईला मी दारातच विचारले होते, लस घेतली का? तिने मला विचारले नाही. विचारू शकत होती असे तिच्या मनातही आले नसावे. तिच्या तापाच्या दोन दिवसांचा पगार मी कापला नाही, पण तो देताना मला आपण काही विशेष केले असे वाटले, ते आज खटकते.

नागपूर हे मोलकरणींच्या संघटनेचे जुने शहर. डॉ. रूपा कुळकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना इथे उभी केली, आणि अनेक वर्षांच्या मोर्चांनंतर २००८ मध्ये महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाचा कायदा आहे. एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालेले १५०० रुपये नोंदणी झालेल्यांपुरते होते, आणि नोंदणी १८ ते ६० वयापर्यंतच होते. मालकाने काय करायला हवे याबद्दल तो फारसे बोलत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण असते हे मान्य केले. मग कामाच्या ठिकाणी घातलेल्या वैद्यकीय अटीला काही शिस्त नको? अट घालायची तर लेखी, सही आणि तारखेसह घाला. सर्वांना घाला, रहिवाशांनाही. लस किंवा तपासणीचा खर्च आणि दोन दिवसांची पगारी रजा मालकाने द्यावी. गरोदर, बाळंतीण, आजारी बाईचे काम राखून ठेवावे. पुरवठाच नसेल तर अट आपोआप थांबावी. यातले काहीही युनायटेडच्या कर्मचाऱ्याला मिळाले त्याहून फार जास्त नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. वेतन, सुट्टी, नोंदणी या आपल्या जुन्या मागण्या आहेतच, त्यांच्या यादीत हे कलमही घालायला हवे. गेटवर आजही पोलीस पडताळणी मागतात, वेगळी लिफ्ट दाखवतात. उद्या दुसरी साथ आली तर तोच कागद पुन्हा लागेल, तीच भाषा, फक्त लसीचे नाव बदलून.

आपल्यापैकी ज्या गटांनी २०२१ च्या अशा नोटिसा, त्यांचे फोटो किंवा काम गेलेल्या बायकांच्या नोंदी ठेवल्या असतील त्यांनी त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवाव्यात. बायकांची नावे झाकून पाठवा, तारीख आणि वस्ती मात्र जरूर लिहा. विमान कंपनीत गेलेली माणसे मोजली गेली. आपल्या शहरात त्या पावसाळ्यात किती घरकामगारांचे काम गेले हे कोणीही मोजलेले नाही, आणि निवेदन द्यायला गेल्यावर आपल्याला पहिला प्रश्न आकड्याचाच विचारला जातो.