आवाजाची वाटणी

पालघर किंवा बोईसरला पेढी आणि केळव्यात वाडीतले घर, अशा एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेता येईल. शनिवारी मुले-नातवंडे जमतात, समुद्रावरून परतल्यावर सर्वांनी मिळून चित्रपट पाहावा असे ठरते आणि दिवाणखान्यात होम थिएटर बसविण्याचा विषय निघतो. लाखभर रुपये बाजूला काढले जातात. दुकानात उंच, देखणे असे पाच सारखे स्पीकर मनात भरतात. ते घरी लागले की स्फोटाच्या दृश्यात कपाटाची काच थरथरते. आजी मात्र दर दोन मिनिटांनी विचारतात, ‘काय म्हणाला तो?’

दोष बहुधा स्पीकरचा नसतो, वाटणीचा असतो; आधी पैशाच्या आणि मग आवाजाच्या. ५.१ संचात पुढे तीन स्पीकर, श्रोत्यांच्या दोन बाजूंना दोन सराउंड आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. संवादांचा मोठा भाग पुढच्या मधल्या स्पीकरमधून येतो. सराउंडकडे पाऊस, गर्दी, पाखरे, देवळातला घुमारा असे भोवतालचे काम असते. म्हणून चांगला मधला स्पीकर आणि चांगला सबवूफर यांवर आधी खर्च करावा. सराउंड चार-पाच इंची कोनाचे, लहान असले तरी चालतात. मात्र ते पुढच्या स्पीकरच्याच कंपनीचे, शक्यतो त्याच मालिकेतील असावेत. नाहीतर पडद्यावरून डोक्यामागे जाणाऱ्या विमानाचा आवाज वाटेत बदलतो.

सराउंडची जागा श्रोत्याच्या अगदी पाठीशी नसून बाजूला आणि किंचित मागे असते. पडद्याकडे तोंड करून बसल्यास समोरच्या रेषेपासून सुमारे ९० ते ११० अंशांवर, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा दीड-दोन फूट उंच. आपल्याकडे कोच भिंतीला चिकटवून ठेवण्याची रीत आहे. अशा खोलीत सराउंड मागच्या भिंतीवर ठोकण्यापेक्षा बाजूच्या भिंतींवर लावणे बरे. कोच हातभर पुढे ओढता आला, तर त्याहून उत्तम.

आता क्रॉसओव्हर. कोणत्या कंपनसंख्येच्या खालचा आवाज लहान स्पीकरकडून काढून सबवूफरकडे सोपवायचा, ती मर्यादा म्हणजे क्रॉसओव्हर. लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन होलमन यांनी घडविलेल्या टीएचएक्स मानकाने घरगुती संचांसाठी ८० हर्ट्झ ही मर्यादा रूढ केली. त्यामागचे कारण साधे आहे. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सव्वाचार मीटर भरते आणि इतक्या खालच्या स्वराची दिशा कानाला नीट ओळखता येत नाही. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात असला, तरी खर्ज सगळ्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो.

मर्यादा १५० वर नेली, तर पुरुषाच्या आवाजाचा खालचा भागही कोपऱ्यातून येऊ लागतो. ४० वर उतरवली, तर चार इंची कोन न झेपणारे काम करीत फरफरतो. खोक्यावर ‘४५ हर्ट्झपासून’ असे छापलेले असते. पण पुढे किती डेसिबलच्या फरकाने, हे दिले नसेल, तर तो आकडा अटी न सांगता जाहीर केलेल्या व्याजदरासारखा समजावा. उणे ३ डेसिबलचा आकडा दिला असेल, तर त्याच्या थोडे वर क्रॉसओव्हर ठेवावा. सामान्यतः पाच इंची सराउंडला ८० ते १००, तीन इंचीला १२० किंवा थोडे अधिक.

दोन चुका वारंवार घडतात. रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन लावून स्वयंचलित मोजणी केली की यंत्र कधीकधी पुढच्या उंच स्पीकरना ‘लार्ज’ ठरवते. मग त्यांच्या वाट्याचा खर्ज सबवूफरकडे जातच नाही. मोजणीनंतर यादी उघडून ‘स्मॉल’ करावे. यात कमीपणा काही नाही. दुसरी चूक सबवूफरच्या मागच्या बटणाची. मर्यादा रिसीव्हरने ठरविली असताना ते बटणही ८० वर ठेवले, तर एकाच आवाजाला दोनदा कात्री लागते. ते शेवटपर्यंत फिरवावे किंवा ‘एलएफई’वर ठेवावे.

केळव्यात आणखी एक खर्च धरावा लागतो, तो खाऱ्या हवेचा. आठवडाभर बंद असलेल्या घरात तांब्याच्या उघड्या तारेची टोके हिरवी पडतात आणि एक सराउंड हळूहळू अबोल होतो. पावसाळ्यानंतर टोके कापून नवी करावीत. कोनाभोवतीची कडा फोमऐवजी रबराची पाहून घ्यावी. दमट हवेत फोम काही वर्षांत भुगा होतो.

रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. खर्ज तर भिंती ओलांडून शेजारच्या वाडीपर्यंत जातो. तेव्हा सबवूफरची पातळी थोडी उतरवावी आणि रिसीव्हरमधील रात्रीची सोय चालू करावी. तिच्यामुळे स्फोट आणि कुजबूज यांतील अंतर कमी होते. सर्व जुळवून झाल्यावर पहिली चाचणी मारामारीच्या चित्रपटाने घेऊ नये. भरपूर बोलणे असलेला, जुना कौटुंबिक चित्रपट लावावा, आजींना नेहमीच्या जागी बसवावे आणि त्या मध्येच काही विचारतात का, एवढेच पाहावे.