गाठ हाताला लागली, पुढे काय?

ऑक्टोबर हा स्तनकर्करोग जागृतीचा महिना. या महिन्यात गावोगावी शिबिरे होतात, महिलांना स्तनांची स्वतः तपासणी कशी करावी हे शिकवले जाते. कर्जत-खालापूरमध्ये मात्र हाच काळ भातकापणीचा. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. शिबिरात गाठ लक्षात आली, तरी पुढची तपासणी सहा-सात महिने लांबू शकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम ०.९ टक्के महिलांची कधीतरी स्तनकर्करोगासाठी तपासणी झाली होती. त्यामुळे जागृती हवीच. पण ती पुरेशी नाही. शांघायमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार कामगार महिलांवर झालेल्या अभ्यासात स्वतपासणी शिकवूनही स्तनकर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत, असे २००२ मध्ये स्पष्ट झाले.

मुंबईचा अनुभव वेगळी दिशा दाखवतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात असा फायदा दिसला नाही.

म्हणजे स्वतपासणी निरुपयोगी आहे, असे नव्हे. आपले शरीर ओळखीचे असले की बदल लवकर कळतो. पाळी संपल्यानंतर काही दिवसांनी, पाळी थांबलेल्यांनी महिन्याच्या ठरावीक तारखेला, बोटांच्या सपाट भागाने स्तन आणि काख चाचपावी. गाठ, त्वचेवर खळगा, आत ओढले गेलेले किंवा रक्तस्राव होणारे स्तनाग्र दिसल्यास दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही आणि ‘दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला?’ हाच विचार घात करतो.

आशा सेविकेच्या तपासणी अर्जात स्तनातील गाठीचा प्रश्न आहे. ३० वर्षांवरील महिलांची हाताने तपासणी करण्याची तरतूदही राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. खरी कसोटी पुढे आहे. उपकेंद्रातून कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून खारघर किंवा परळ, या प्रत्येक टप्प्यावर मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते महिलेने तक्रार सांगितल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हायला हवे.

म्हणून शिबिराला किती महिला आल्या, यापेक्षा गाठ आढळलेल्यांपैकी किती जणींचे निदान ६० दिवसांत झाले, हे मोजले पाहिजे. तपासणी भट्टीवर जाण्याआधी, म्हणजे भातलावणी उरकल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतली, तर हे ६० दिवस तरी हाती राहतील.