जुन्या फॉन्टमधली मराठी वेळीच वाचवा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित सहाय्य थांबवले आणि घरोघरी, कचेऱ्यांत जुने संगणक बदलण्याची वेळ आली. त्यांतील मराठी मजकुराचे काय, हा प्रश्न मात्र दुर्लक्षितच आहे. मालगुंडला जन्मलेले केशवसुत १९०५ मध्ये निवर्तले. छापील कागदामुळे त्यांची कविता आजही वाचता येते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टाइप केलेल्या मराठीबाबत ही खात्री नाही. त्या काळच्या बहुतेक फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला, की सोसायटीचे इतिवृत्त असो वा आजोबांचे आत्मवृत्त, पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले; तरी सवयीपोटी जुने फॉन्ट चालू राहिले.

उपाय अवघड नाही. मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट दोन्ही जपून ठेवावेत. त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे मुळाशी ताडून पाहावीत, चुका बहुधा तिथेच होतात. खासगी कागदपत्रे अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत. नवे लेखन इनस्क्रिप्ट कळफलकाने थेट युनिकोडमध्येच करावे. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी ही कामे उरकणे श्रेयस्कर.